पिवळ्या ब्लाउजांचा हंगाम

दिवे सावकाश वर येऊ द्या. घाई नाही.

समोर एक दुकान आहे. पेन्सिलीच्या डबीसारखं लांबट आणि अरुंद. डाव्या अंगाला शिलाई मशीन, उजव्या अंगाला इस्त्रीचं टेबल, आणि दोहोंच्या मधून जायचं तर पोट आत घ्यावं लागतं. मागच्या भिंतीला दोरी, दोरीला हँगर आणि हँगरला ब्लाउज. सगळे पिवळे. लिंबापासून हळदीपर्यंत पिवळ्याच्या जेवढ्या तऱ्हा असतील तेवढ्या तिथं लटकलेल्या. मशीनवर एक बारकीशी, ताठ पाठीची बाई. वय साठीकडे झुकलेलं, ओठांत टाचण्यांची रांग. इस्त्रीपाशी तिची नणंद, अंगानं तिच्या दुप्पट आणि आवाजानं चौपट. वरच्या फळीवर टीव्ही, आणि टीव्हीत पिवळा ब्लाउज घातलेली एक देखणी तरुणी डोळे पुसत काहीतरी सांगते आहे. काय सांगते आहे ते मशीनच्या खडखडाटात ऐकू येत नाही. पण त्यावाचून कुणाचं अडत नाही. तिचं बोलणं एव्हाना सगळ्या गावाला पाठ झालं आहे, मशीनवरच्या बाईला सोडून.

ती मशीनवरची बाई म्हणजे आमची टाचणी.

तिला खरं नाव होतं, पण ते हजेरीपुरतं. मी आमच्या नाटक कंपनीत नायिका होते तेव्हा ती रंगपटात कपडे सांभाळायची. प्रवेश संपवून मी विंगेत आले की अंधारातून दोन हात पुढे यायचे, पाठीचे हुक निघायचे, राणीची भिकारीण व्हायची आणि कानाशी "हं" एवढा हुंकार यायचा. "हं" म्हणजे झालं, जा. तोंडात सदैव टाचण्या, त्यामुळे बोलणं नाकातून. नव्या नटांना वाटायचं, बाई मुकी आहे. मग एखाद्यानं अंगातला कोट जमिनीवर भिरकावला की टाचण्या तळहातावर यायच्या आणि ती मुकी बाई असं काही सुनवायची की त्या नटाचा कोट जन्मात पुन्हा खुंटीखाली दिसला नाही.

तिची कला म्हणाल तर ती दिसायचीच नाही. आमचा राजा एका खांद्यानं उतरता, आमचा खलनायक पोटानं पुढे आणि पाठीनं मागे, आणि मलाही काही देवानं फुटपट्टी लावून घडवलं नव्हतं. टाचणी इकडे एक चिमटा घ्यायची, तिकडे कापसाची गादी सरकवायची, अस्तरात एक पदर जास्त घालायची, आणि दिव्यांत उभे राहिलो की आम्ही सगळे सरळसोट. तिला शिकवणाऱ्या म्हाताऱ्या वस्तादानं तिला एकच मंत्र दिला होता: अंगाचं गाऱ्हाणं कापडाला सांगायचं, माणसाला नाही. तिनं तो आयुष्यभर पाळला. कुणाचं काय वाकडं आहे हे तिला ठाऊक असायचं, आणि तिला ठाऊक आहे हे आम्हाला कधी कळायचं नाही. माणूस म्हणून यापेक्षा मोठं औदार्य मी फार थोड्या लोकांत पाहिलं.

कंपनी बंद पडली. मी घरी बसले, टाचणीनं दुकान थाटलं. तिचा नवरा आमच्याच कंपनीचा बत्तीवाला. मोठा गोड माणूस. तो गेला तेव्हा त्याची थोरली बहीण चार दिवस सांत्वनाला म्हणून आली आणि इस्त्री हातात घेऊन बसली ती बसलीच. काजं-बटणं, इस्त्री आणि दुकानातलं सगळं बोलणं तिच्याकडे. बाकी टाचणीकडे.

आता टीव्हीतल्या तरुणीचं सांगते. पडद्यावर ती इतक्या वेळा राजकन्या झाली होती की लोक तिला राजकन्याच म्हणत. तिशी नुकती ओलांडलेली. एके दिवशी तिनं मुलाखत दिली आणि सांगितलं की मला स्तनाचा कर्करोग झालाय, वेळेवर सापडलाय, मी बरी होणार आहे, आणि बायांनो, तुम्हीही तपासून घ्या. अंगात साधा पिवळा ब्लाउज, कानात काही नाही, गळ्यात काही नाही. मी आयुष्यभर रंगमंचावर मरत आले, पण असं साधं उभं राहणं मला कधी जमलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून गाव हललं. रिक्षात तेच, भाजीवाल्यापाशी तेच. ज्या शब्दाला आमच्या पिढीनं "तो आजार" म्हणून दाराबाहेर उभं केलं होतं, तो शब्द पोरी आइस्क्रीम खाता खाता मोठ्यानं उच्चारू लागल्या. इस्पितळात तपासणीचा एक विभाग होता. तिथली सिस्टर एरवी दुपारी स्वेटर विणायची म्हणे. तिथं आता बाक अपुरे पडू लागले. आणि इकडे टाचणीच्या दुकानात रांग लागली ती पिवळ्या ब्लाउजसाठी. तसाच गळा, तशाच बाह्या, अगदी तसाच रंग.

टाचणीला राजकन्येचं फार. पोर सोळा-सतरा वर्षांची असताना आमच्या कंपनीत दासीच्या भूमिकेत दोनदा पाण्याचा तांब्या घेऊन आली होती. त्या दासीचा परकर टाचणीनंच आखूड केला होता. त्यामुळे ती म्हणायची, "माझ्या हाताखालची पोर आहे ती." आणि हाताखालच्या पोरीनं सांगितलंय म्हटल्यावर तिनं दुकानात एक कायदा केला: आधी तपासणी, मग पिवळा ब्लाउज. कुणी माप द्यायला आली की टेप गळ्यात अडकवून पहिला प्रश्न, "जाऊन आलीस?"

"नाही हो काकू, जाईन ना."

"मग तेव्हाच ये."

"पण मला परवा घालायचाय!"

"परवा घालायचाय तर उद्या जा," नणंद इस्त्रीवरून ओरडायची. "इथं काय, इस्पितळ पळून चाललंय?"

आणि पोरी खरंच जायच्या! ब्लाउजसाठी का होईना, जायच्या. मला हे ऐकून टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. मी दुपारचा चहा प्यायला रोजच तिथं जायचे, तेव्हा हा सगळा खेळ मी पहिल्या रांगेत बसून पाहिलेला आहे.

मग एका दुपारी दारात इस्पितळाची सिस्टर उभी. उंच, सावळी, पदावरच्या माणसासारखी घड्याळाकडे बघत बोलणारी.

"टाचणीकाकू कोण?"

"मीच. माप द्यायचंय?"

"माप नाही, तक्रार द्यायचीय."

टाचणीनं मशीन थांबवलं. नणंदेनं इस्त्री उभी केली. मी बशीत ओतलेला चहा तसाच ठेवला.

"तपासणी केल्याशिवाय ब्लाउज शिवत नाही म्हणे तुम्ही?"

"नाही शिवत. चुकतं का माझं?"

"चुकत नाही हो, पण येतंय कोण त्याने? काल माझ्या बाकावर ओळीनं कॉलेजच्या पोरी. विशी-बाविशीच्या! त्यांच्यासाठी नाही ते तपासणीचं मशीन. त्या वयात काही जाणवलं तर डॉक्टरला दाखवायचं, बस्स. राजकन्येचं वेगळं होतं. तिच्या आईला नि मावशीला झालेलं, म्हणून डॉक्टरांनी तिला लवकर बोलावलं होतं. तिनं सांगितलंसुद्धा ते मुलाखतीत. पण ते कोण ऐकतंय?" सिस्टर दम घ्यायला थांबली. "आणि एक पोरगी आत, तर तिची आई बाहेर पिशव्या धरून उभी. पन्नाशीची बाई. मी म्हटलं, अहो तुम्ही या आत. तर म्हणते कशी, मला नको हो सिस्टर, ब्लाउज हिला हवाय!"

नणंद जी हसायला लागली ती खाली बसली. टाचणी मात्र हसली नाही. तिनं टाचण्या तळहातावर काढल्या.

"म्हणजे मी आयांना बाहेर उभं केलं."

"तुम्ही नाही हो. पण चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या मला हव्यात, आणि त्या सगळ्या पोरींच्या पिशव्या सांभाळतायत."

"बरं," टाचणी म्हणाली. "कायदा बदलते."

आणि बदलला. त्या दिवसापासून ब्लाउज पोरीचा, तपासणी आईची. आई नसेल तर मावशी, आत्या, सासू, कुणीही, पण पिकल्या वयाची. मग काय विचारता! आजवर आया पोरींना ओढत दवाखान्यात नेत होत्या. आता पोरी आयांना ओढू लागल्या. रस्त्यावर असे संवाद कानावर पडायचे: "आई, तुझ्यामुळे माझा ब्लाउज अडलाय!" एका पोरीनं आई कबूल होईना म्हणून शेजारणीला नेलं. एक सासू सुनेच्या ब्लाउजसाठी जाऊन आली आणि वर्षभराचं भांडण मिटलं, निदान ब्लाउज फिका पडेपर्यंत तरी. सिस्टर आता तक्रारीऐवजी बिस्किटाचा पुडा घेऊन यायची.

अशीच एकदा ती जाता जाता दारातून वळली. "आणि काकू, तुमची झाली ना?"

टाचणीनं हातातल्या सगळ्या टाचण्या एकदम ओठांत धरल्या. "हं," ती म्हणाली.

विंगेतल्या अंधारात मी ते "हं" हजारदा ऐकलेलं. पण हे "हं" त्यातलं नव्हतं.

पिवळ्यांचा हंगाम जोरात होता, मशीन दिवसभर धडधडत होतं. आणि मग एके दुपारी मशीनचा पट्टा तुटला.

पट्टा तुटणं ही काही मोठी घटना नव्हे. नवा आणायला नणंद बाजारात गेली. दुकानात मी आणि टाचणी. किती दिवसांनी तिथं शांतता होती. वर टीव्हीत राजकन्येची तीच मुलाखत पुन्हा लागली होती, आणि टाचणी पहिल्यांदाच ती ऐकत होती. चित्र तिनं शंभरदा पाहिलं होतं. त्या चित्रावरून तिनं गळा बेतला होता, बाह्या बेतल्या होत्या. शब्द मात्र मशीननं एकही कानावर पडू दिला नव्हता.

राजकन्या हसत सांगत होती, "मी तर माझ्या शिंप्यावरच चिडत होते. म्हटलं, दादा, तुमचं माप चुकतंय, हा एका बाजूनं ढिला होतो. त्यानं बिचाऱ्यानं दोनदा आत घेतला. एकदम छान बसला हो! मी आरशात बघून खूश. शिंपी चुकत नव्हता. माझंच अंग बदललं होतं, आणि आम्ही दोघं मिळून ते लपवत होतो."

टाचणीचा हात आपल्या डाव्या बाजूच्या शिवणीवर गेला. तिथंच थांबला. मग तिनं उठून टीव्ही बंद केला आणि म्हणाली, "बाई, आज लवकर बंद करते दुकान. पट्टाच नाही तर बसून काय करायचं?"

नणंद पट्टा घेऊन परत आली तोवर दुकानाला कुलूप होतं.

त्यानंतरचे दिवस टाचणी शिवत राहिली, पण तिचा कायदा ढिला पडला. पोरी यायच्या, माप द्यायच्या, ती "आई जाऊन आली?" विचारायचीच नाही. नणंदेनं दोनदा विचारलं, "काय गं वहिनी, तुझा कायदा संपावर गेला का?" टाचणी दोरा ओवत राहिली. शेवटी नणंद एका सकाळी माझ्या घरी आली. दारातच बसली, चपलाही काढल्या नाहीत.

"बाई, मी तिचे ब्लाउज इस्त्री करते. कितीतरी दिवस झाले, डावी बाजू इस्त्रीखाली नीट बसतच नाही. वळी पडते. मला वाटलं, वहिनीचा हात म्हातारा झाला. काल उलटा करून पाहिला, तर डाव्या बाजूला तीनदा उसवून तीनदा शिवलंय. प्रत्येक वेळी थोडं आत. सगळ्या ब्लाउजांना तेच." तिचा तो चौपट आवाज पार पाव झाला होता. "ती तपासणीला गेलेली नाही. सिस्टरशी खोटं बोलली. मी विचारलं तर टाचण्या तोंडात घालते. तुमचं ऐकेल ती."

तेव्हा मला सगळं उमगलं. आमची टाचणी वस्तादाच्या मंत्राला जागली होती. स्वतःच्या अंगाचं गाऱ्हाणंही तिनं कापडालाच सांगितलं होतं, आणि कापडानं ते गुपचूप पोटात घेतलं होतं. गावातल्या बायांना तपासणीला धाडणारी बाई स्वतःच्या बाजूला चिमटे घेत बसली होती. तिच्यासारख्या कारागिराखेरीज ही चूक कुणाच्या हातून झाली असती?

मी उठले, ठेवणीतला आवाज काढला आणि दुकान गाठलं.

"टाचणे, मला पिवळा ब्लाउज शीव."

ती मशीनवरून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला? या वयात?"

"म्हातारपणी पिवळ्याला बंदी आहे का? तुझ्या कायद्याप्रमाणे पिकल्या वयाची कुणीतरी जाऊन यायला हवी ना? माझी तर गेल्या साली झाली. आता तू माझ्यासाठी जा."

"मी तुमची आई आहे का?"

"पाठीचे हुक लावलेस ना इतकी वर्षं? मग आईच."

टाचणीनं टाचण्यांकडे हात नेला. नणंदेनं पुढे होऊन टाचण्यांची डबीच उचलली आणि आपल्या मांडीखाली घेऊन बसली. आता पळायला वाट नव्हती.

"डावी बाजू," मी हळूच म्हटलं.

टाचणी बराच वेळ पायानं रिकामं पायडल हलवत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी लोकांना कपडे घालणारी. आख्खी कंपनी माझ्यासमोर उघडी-वाघडी फिरायची, मला काही वाटलं नाही. पण माझं अंग... माझ्या आईनंतर उजेडात कुणी बघितलं नाही."

"नवऱ्यानं?"

"तो बत्तीवाला होता," टाचणी म्हणाली. "पण घरी आला की दिवा आधी मालवायचा."

नणंद म्हणाली, "माझा भाऊ फार लाजाळू हो," आणि हसता हसता तिला रडू आलं.

"आणि सापडलं तर?" टाचणी म्हणाली. आता तिला थांबवणं शक्य नव्हतं. "राजकन्येचं वेगळं आहे. तिच्यापाठी आख्खं जग उभं. तिला झालं तर बातमी होते. मला झालं तर दुकान बंद होतं."

"मी चालवीन दुकान," नणंद म्हणाली.

"तुम्ही? तुम्ही काज करता वन्सं, त्यातून बटण ये-जा करतं."

"मग तू लवकर बरी होऊन ये. नाहीतर गावभर लोकांची बटणं सुटतील आणि पाप तुझ्या माथी!"

टाचणीनं पायडल थांबवलं. "राजकन्या म्हणाली, ती आणि शिंपी मिळून लपवत होते," ती म्हणाली. "इथं तर शिंपी पण मीच." मग नणंदेकडे बघून: "उद्या चला माझ्याबरोबर. आणि माझी डबी द्या इकडे, चेंगराल."

दुसऱ्या दिवशीचा प्रवेश इस्पितळात. फिकट हिरव्या भिंती, लाकडी बाक, दाराला पडदा. पडद्याच्या अलीकडे मी आणि नणंद, पलीकडे टाचणी आणि सिस्टर. सगळं ऐकू येत होतं.

"काकू, हा गाऊन घाला. नाड्या पुढे."

कापड सळसळलं. मग टाचणीचा आवाज: "हा कोणी शिवलाय?"

"आमच्याकडे येतात हो शिवून."

"बाहीचा मुंढा एका बाजूचा एवढा आणि दुसऱ्या बाजूचा एवढा. नाडी तर कुठल्या कुठे. बायका आधीच लाजतात, त्यात हे असं. थांबा, टाचते जरा."

"काकू, नाही! टाचण्या चालणार नाहीत. आत धातू नको. असतील तेवढ्या इथं काढून ठेवा."

स्टीलच्या ताटलीत टाचणी पडल्याचा आवाज झाला. टिण. मग आणखी एक. मग कॉलरमधल्या, पदरातल्या, केसांतल्या, कमरेच्या पट्टीतल्या. टिण, टिण, टिण. सिस्टर हसू दाबत होती. बाकावरच्या अनोळखी बायासुद्धा कान देऊन हसायला लागल्या. नणंद माझ्या कानाशी म्हणाली, "आता ती कोलमडणार. टाचण्यांवरच उभी होती ती."

ती कोलमडली नाही. आतलं दार उघडलं, बंद झालं. थोड्या वेळानं ती बाहेर आली. चेहरा पांढरा, पण मान ताठ.

"काय गं?"

"मशीन गार आहे. आणि दाबतं. आपल्या दुकानातल्या इस्त्रीपेक्षा जोरात." ती बसली. "पण सिस्टरनं एकदाही माझ्याकडे टक लावून पाहिलं नाही. आपलं काम करत होती. रंगपटात मी असायचे ना, तशी."

सिस्टर बाहेर आली तेव्हा तिचं घड्याळाकडे लक्ष नव्हतं. तिनं त्याच दिवशी डॉक्टरीणबाईंची भेट घालून दिली. मग सुईची तपासणी, मग वाट बघणं. ते दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. नणंदेनं सगळे शर्ट दोन-दोनदा इस्त्री केले यावरून समजून घ्या.

गाठ होती. वाटाण्याएवढी. आतून कातडीला ओढ देत होती, म्हणून ती बाजू बसल्यासारखी दिसायची. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावायची हातोटी फार चांगली. म्हणाल्या, "लहान आहे, पसरलेली नाही. काढून टाकू. मग काही आठवडे किरणांचे शेक. आणखी वर्षभर नुसतं शिवत राहिला असतात तर मी असं हसत सांगितलं नसतं."

टाचणीनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "टाके कोण घालणार?"

"मीच."

"हात दाखवा."

डॉक्टरीणबाईंनी खरंच दोन्ही हात पुढे केले. टाचणीनं बोटं पाहिली, उलटसुलट केली. "हं," ती म्हणाली. आणि हे मात्र जुनं, विंगेतलं "हं" होतं.

नणंदेनं दुकान चालवलं. चालवलं म्हणजे उघडं ठेवलं. बटणं सुटली, बाह्या उलट्या लागल्या, एका वकिलाच्या पँटचा एक पाय आखूड झाला. वकील तणतणत आला. कारण कळल्यावर खाली मान घालून आखूड पँट घालूनच कोर्टात गेला म्हणतात. सिस्टरनं आपली विणलेली शाल आणून दिली. ज्या पोरींचे ब्लाउज अडले होते त्या पोरी आळीपाळीनं टाचणीला शेकासाठी घेऊन जायच्या, आणि परतताना तिची बोलणी खाऊन यायच्या, कारण टाचण्या आता तोंडात नसल्यानं टाचणी बरीच बोलू लागली होती.

दरम्यान हंगाम सरला. राजकन्या बरी झाली, केसांच्या तेलाच्या जाहिरातीत दिसू लागली. मग कुठल्याशा खेळाडूच्या लग्नाची बातमी आली आणि पोरींना एकदम मोरपंखी हवं झालं. पिवळे ब्लाउज कपाटात गेले. आम्ही नाटकवाले टाळीला ओळखून असतो. कडाडते आणि विरते, त्यात तिचा काही दोष नाही. राजकन्येचं बोलणं ऐकून गाव धावलं. निम्मे चुकीच्या कारणासाठी, निम्मे चुकीच्या वयात. तरी त्या गर्दीत काही आया आत गेल्या, आणि मागच्या रांगेत, मशीनच्या आवाजात बसलेल्या एका बाईपर्यंत एक वाक्य पोचलं. मला विचाराल तर राजकन्येची तेवढी भूमिका सार्थकी लागली.

परवाची गोष्ट. टाचणीची वर्षाची तपासणी होती. मी आणि नणंद बरोबर. डॉक्टरीणबाईंनी चित्रं पाहिली, हातानं पाहिलं, आणि म्हणाल्या, "छान आहे सगळं. आता पुढच्या वर्षीच तोंड दाखवा."

नणंदेनं तिथल्या तिथं डॉक्टरीणबाईंना मिठी मारली. त्या बिचाऱ्या तिच्यात दिसेनाशा झाल्या.

आम्ही बाहेर आलो. लाकडी बाक जवळजवळ रिकामा. सिस्टर खिडकीशी पुन्हा स्वेटर विणत होती. बाकाच्या टोकाला एक बाई, पन्नाशीची असावी, पिशवी पोटाशी धरून. पडद्याकडे बघायची, बाहेरच्या दाराकडे बघायची, उठायची, पुन्हा बसायची. नणंद मला म्हणाली, "चला, मला चहा हवाय." पण टाचणी थांबली.

त्या बाईनं वर पाहिलं. "आत फार दुखतं का हो?"

"दाबतं जरा. नवा बूट चावतो तेवढं. आणि गाऊन वाईट नाही आता, सगळे मी पुन्हा शिवून दिलेत."

बाईनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही इथल्या सिस्टर का?"

"छे गं," टाचणी म्हणाली. "मी इथली पेशंट. वर्षभराच्या रजेवर आहे. सरक जरा, बसू दे."